हाक मारा, येतील

१

शनिवारी दुपारचं जेवण झालं की डॉक्टर रघुवीर आठल्ये गॅरेजमध्ये जायचा. मेडनहेडच्या त्या शांत रस्त्यावर इतरांच्या गॅरेजमध्ये सायकली आणि बिघडलेले फ्रीज असत. रघुवीरच्या गॅरेजमध्ये भिंतभर पाट्या होत्या. अमेरिकेतल्या शेतीच्या जुन्या जाहिराती. मक्याचं बियाणं, कोंबड्यांचं खाद्य, पवनचक्क्या, दूध काढायची यंत्रं. काही पत्र्याच्या, उठावाच्या अक्षरांच्या. काही इनॅमलच्या, कडेला टवके उडालेल्या. मिरजेला एमबीबीएस झाल्यावर तो एक वर्ष आयोवात शिकायला होता. तिथे हॉस्पिटलच्या वाटेवर एका कोठाराच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं कणीस रंगवलेलं होतं. ते त्याला का आवडलं हे त्याला कधी सांगता आलं नाही. पण ते डोक्यात राहिलं, आणि इंग्लंडमध्ये घर झाल्यावर पाट्या येऊ लागल्या. ईबे आल्यावर तर येतच राहिल्या.

मीनलची याबद्दल तक्रार नव्हती. निदान आता उरली नव्हती. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. चहा झाला की ती त्या भिंतीवर चमचा वाजवायची, आणि चहा गार झाल्यावर तो आत यायचा. मुलगी तनू लग्न होऊन हॅरोला राहायला गेल्यापासून घरात एवढाच आवाज असायचा: चमच्याचा.

"अहो, या बायका सगळ्या हसतायत का?" मीनलने एकदा दारातून पाट्यांकडे बघत विचारलं होतं.

"जाहिरात आहे. हसणारच."

"मग ठीक," म्हणून ती परत गेली होती.

२

रघुवीर रीडिंगच्या एका हॉस्पिटलमध्ये वृद्धांच्या विभागाचा कन्सल्टंट होता. पडलेली, विसरलेली, एकटी राहणारी माणसं त्याच्या वॉर्डात येत. २००४ च्या ऑक्टोबरात तिथे एलिस पोकॉक आला. लॅम्बोर्नच्या पलीकडे टेकड्यांमध्ये त्याचं शेत होतं. अंगणात पडून खुबा मोडलेला, ऑपरेशन झालेलं. वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, डोकं मात्र लख्ख.

एकदा राउंड संपता संपता एका ज्युनियर डॉक्टरने सहज विचारलं, "वीकेंडला काय केलंत सर?" रघुवीर म्हणाला, आयोवाहून एक पाटी आली, ती साफ केली.

"अमेरिकन पाटी?" खाटेवरून पोकॉक म्हणाला. "माझ्याकडे आहे एक. युद्धात आमच्या बाजूला अमेरिकनांचा तळ होता. त्यांच्या सामानातून आली. एक बाई आहे तिच्यावर."

दुपारी रघुवीर पुन्हा त्याच्या खाटेशी गेला. वॉर्डात त्याला काही काम नव्हतं. खुर्ची ओढून बसला.

"कसली आहे हो पाटी?"

"डुकरांच्या खाद्याची. बाई तोंडाशी हात धरून डुकरांना हाक मारतेय. आईने आमच्या कोठारात लावली होती, रंग छान होते म्हणून. मग आईनेच उलटी केली. तोंड भिंतीकडे. खिळे गंजले की मी नवे मारतो."

"उलटी का?"

"डॉक्टर, आमच्याकडे डुकरं नव्हती. कधीच नव्हती."

रघुवीरला यातून काही कळलं नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. साठ वर्षं भिंतीकडे तोंड करून राहिलेली पाटी. ऊन नाही, पाऊस नाही. रंग जसेच्या तसे असणार.

"विकायची का?" त्याने विचारलं.

"नाही. आणि बघायचीही नाही. मी घरी जाईपर्यंत राहू दे तशीच."

३

शेतावर एकदा जाऊन यायला हवं, असं रघुवीरने स्वतःला सांगितलं. एकट्या म्हाताऱ्याला घरी सोडायचं तर पायऱ्या किती, न्हाणीघर कुठे, हे कुणीतरी बघायला हवंच. ते काम खरं तर वॉर्डातली दुसरी माणसं करत. पण तो गेला. शनिवारी, एकटा. गाडीच्या डिकीत खिळे उपटायची हातोडी आणि जुनी रजई होती. ती का घेतली, याचा त्याने विचार केला नाही.

शेजारच्या शेतावरच्या बाईने किल्ली दिली. "डॉक्टर स्वतः आले," ती कौतुकाने म्हणाली. "एलिसचं नशीब."

घर त्याने भराभर पाहिलं. मग कोठारात गेला. कोठार टेकडीला टेकून बांधलेलं होतं. मागची भिंत खडूच्या दगडाची, तिच्या पाठीशी नुसता डोंगर. त्या भिंतीवर गंजलेल्या पत्र्याचा एक चौकोन होता. सभोवार खिळे, जुन्यांच्या शेजारी नवे, नव्यांच्या शेजारी आणखी नवे. एवढ्या खिळ्यांत एखादं दार बसलं असतं.

तो खिळे काढत गेला. हात सवयीने काम करत होते. शेवटचा खिळा निघाल्यावर त्याने पाटी अलगद सुटी केली आणि भिंतीला टेकवून ठेवली. तेव्हा त्याला भिंतीवर तो डाग दिसला. पांढऱ्या कोरड्या दगडावर एक ओली, गोल जागा. आरशावर तोंडाची वाफ सोडल्यावर उठते तशी. तो बघत असतानाच ती कडेने आक्रसत गेली आणि दिसेनाशी झाली.

पत्र्यामागे दमट हवा अडकते. हवा लागली की सुकते. यात काय आहे, असं तो मनाशी म्हणाला. पण डाग नेमका बाईच्या तोंडाच्या जागी होता, हे पाटी सुलटी केल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने ती लगेच रजईत गुंडाळली.

किल्ली परत देताना शेजारीण म्हणाली, "सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"एलिसला सांगा, काळजी करू नकोस म्हणावं. त्याच्या वस्तूंना कुणी हात लावत नाही."

रघुवीरने मान हलवली. वाटेत त्याने ठरवलं, पोकॉकला नंतर सांगू. पाहिजे ती किंमत देऊ. म्हातारा आता काही कोठारात जाणार नाही. रीडिंग येईपर्यंत हे सगळं त्याला जवळजवळ पटलं होतं.

४

रंग खरोखर कालच लावल्यासारखे होते. निळा घेरदार ड्रेस घातलेली, दंड भरलेली बाई. मागे पिवळं शेत. दोन्ही हात तोंडाशी धरलेले, आणि मधे उघडं, काळं तोंड. फक्त ही बाई हसत नव्हती. खाली उठावाच्या लाल अक्षरांत एकच ओळ होती: हाक मारा, येतील.

त्याने ती गॅरेजच्या आतल्या भिंतीवर लावली, दाराकडे तोंड करून.

"कुठून आणली?" मीनलने विचारलं.

"एका पेशंटने दिली."

"दिली? अशी?" ती पाटीकडे बघत राहिली. "ही कुणाला बोलावतेय हो?"

"डुकरांना. अमेरिकेत बायका अशा हाका मारून डुकरं गोळा करायच्या. त्याच्या स्पर्धा असतात अजून."

"घरच्या कुणाला बोलावताना बाई असं तोंड करत नाही," मीनल म्हणाली.

त्या आठवड्यात गॅरेजच्या दाराला खालून चिखल लागू लागला. वर सरकणारं पत्र्याचं दार होतं ते. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत कुणीतरी अंग घासल्यासारखे पट्टे. रघुवीरने ते धुतले. मेडनहेडमध्ये कोल्हे पुष्कळ. कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, दारं हुंगतात. दुसऱ्या दिवशी पट्टे पुन्हा होते. दाराच्या बाहेर, उंबऱ्याच्या फटीपाशी सिमेंट ओलं असायचं, पाऊस नसला तरी.

एकदा संध्याकाळी आत काम करताना त्याला त्या फटीतून श्वास ऐकू आला. एका प्राण्याचा नव्हे. कुणी लवकर, कुणी सावकाश, सगळे दाराच्या खालच्या कडेशी. त्याने दार झटक्यात वर केलं. बाहेर रस्त्यावरचा दिवा लागला होता आणि समोरचे गृहस्थ गाडी लावत होते. त्यांनी हात केला. रघुवीरनेही केला.

५

"तुम्ही माझ्या घरी जाऊन आलात," पोकॉक म्हणाला.

रघुवीर त्याचा चार्ट बघत होता. "शेजारणीने फोन केला वाटतं?"

"कुणी फोन केला नाही."

पोकॉक बदलला होता. नर्स बर्नाडेटने सांगितलं, रात्रभर झोपत नाही, मोडलेल्या खुब्यानिशी खाटेवरून उतरायला बघतो. त्या दिवशी पहाटे तो जमिनीवर सापडला होता, हातांवर आणि गुडघ्यांवर, दाराकडे निघालेला. कुठे चाललात विचारल्यावर म्हणाला, हाक आली.

डिलिरियम, म्हणजे तात्पुरता भ्रम. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना होतो. रघुवीर दरवर्षी यावर विद्यार्थ्यांना लेक्चर द्यायचा. त्याने रक्त तपासायला सांगितलं, लघवी तपासायला सांगितली, झोपेसाठी थोडं औषध लिहिलं. ते लिहिताना पोकॉकने त्याचं मनगट धरलं. पकड शेतकऱ्याची होती.

"डॉक्टर. ती सुलटी केली का कुणी?"

बर्नाडेट शेजारीच उशी नीट करत होती.

"नाही," रघुवीर म्हणाला. "सगळं जिथल्या तिथे आहे."

पोकॉकने पकड सोडली. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला विश्वास ठेवायचा आहे. डॉक्टर म्हणतोय म्हणजे खरंच असेल, आपलंच डोकं बिघडलं असेल, असं तो समजावून घेत होता स्वतःला. "मग मी म्हातारा झालो," तो म्हणाला, आणि उशीवर डोकं टेकून त्याने डोळे मिटले.

घरी जाताना गाडीत रघुवीरला वाटलं, आज जाऊन पाटी उलटी करावी. चार स्क्रूंचं काम. पण केली तर आपण हे मान्य केल्यासारखं होईल. काय मान्य केल्यासारखं, ते शब्दांत मांडायलाही त्याला लाज वाटली. शनिवारी बघू, म्हणून तो जेवायला बसला.

६

पोकॉक गुरुवारी वॉर्डातून नाहीसा झाला. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी वॉर्डात माणसांची ये-जा होती. त्या गर्दीत कुणाचा तरी कोट गाऊनवर चढवून तो बाहेर पडला. बर्नाडेट दुसऱ्या पेशंटला न्हाणीघरात घेऊन गेली होती. शुक्रवारी सकाळी तो ए-फोर महामार्गाच्या कडेला, हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणाखाली सापडला. थंडीने गेला होता. हाताचे तळवे आणि गुडघे सोलून निघाले होते.

मॅनेजरच्या खोलीत मीटिंग झाली. पोलिसांचं म्हणणं सगळ्यांनी खरं धरलं: म्हातारा घरच्या ओढीने निघाला. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. लॅम्बोर्न रीडिंगच्या पश्चिमेला आहे. पोकॉक पूर्वेला सापडला होता. मेडनहेडच्या रस्त्यावर.

"दार बघण्याची जबाबदारी कुणाची होती?" मॅनेजरने विचारलं.

बर्नाडेटचं नाव पुढे आलं. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसायला सांगण्यात आलं. ती बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी होती. आयर्लंडमधल्या मेयोहून आलेली, पन्नाशीची बाई, डोळे सुजलेले. रघुवीर दिसताच म्हणाली, "डॉक्टर आठल्ये, तुम्ही त्यांना समजावलंत तेव्हा ते किती शांत झाले होते. मला वाटलं, आता नाही उठायचे. म्हणून मी पाठ फिरवली."

रघुवीरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. तो म्हणाला, "घरी जा. विश्रांती घ्या."

त्या रात्री तनूचा हॅरोहून फोन आला. "बाबा, आई म्हणते तुम्ही जेवत नाही. तुमचा पेशंट गेला म्हणून? तुमची चूक नव्हती ती."

"होती," रघुवीर म्हणाला.

"काय?"

"काही नाही. तू कशी आहेस?"

७

शनिवारी दुपारी, चार वाजून गेल्यावर प्रकाश उतरायला लागला तेव्हा तो स्क्रूड्रायव्हर घेऊन गॅरेजमध्ये गेला. बाहेर धुकं होतं. दार पूर्ण उघडून त्याने दिवा लावला आणि दाराकडे पाठ करून पाटीसमोर उभा राहिला. खालचे दोन स्क्रू आधीच काढून झाले होते तेव्हा ड्राइव्हवेवरचे खडे वाजले.

पावलांचा आवाज नव्हता तो. खड्यांवरून काहीतरी ओढलं जात होतं, थांबत होतं, पुन्हा ओढलं जात होतं. आणि श्वास. मागच्या वेळी ऐकलेल्यांसारखेच पुष्कळ. पण त्यांत एक त्याच्या ओळखीचा होता. छातीत घरघरणारा, दर तिसऱ्या श्वासाला अडकणारा. तो त्याने रोज सकाळी स्टेथोस्कोपमधून ऐकला होता.

वळून बघायचं नाही, असं त्याने ठरवलं नव्हतं. मानच वळेना. समोर पाटीचं जुनं रोगण चकचकत होतं, आणि बाईच्या निळ्या ड्रेसमध्ये दाराचा उजेडाचा चौकोन दिसत होता. त्या चौकोनात, जमिनीलगत, काहीतरी फिकट पुढे सरकलं. पाठीवर हॉस्पिटलच्या गाऊनची नाडी सुटलेली. पाठीचे मणके. डोकं खाली, जणू जमिनीवरचं काही हुंगत. त्याच्या मागे आणखी होते, चिकटून, एकमेकांच्या आधाराने. ते त्याने नीट पाहिले नाहीत. त्यांतले काही फार लहान होते.

त्याने पाटी वरच्या दोन स्क्रूंसकट ओढली. प्लास्टर सुटलं. पाटी हातात फिरवून त्याने तिचं तोंड भिंतीवर दाबलं, छातीने, हातांनी, सगळ्या अंगाने, आणि डोळे मिटून तसाच राहिला.

खडे वाजायचे थांबले. श्वास विरत गेले. नंतर लांबवरून पॅडिंग्टनच्या आगगाडीचा आवाज आला आणि गेला. रघुवीरने कपाळ गंजक्या पत्र्याला टेकवलं. झालं, असं त्याला वाटलं. इतकं सोपं होतं. गुरुवारच्या आधी केलं असतं तर एवढंच करायचं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात, नळ बंद झाला.

"ओ," मीनल म्हणाली. "आले हं."

८

तो धावत आत गेला तेव्हा ती भिंतीशी उभी होती. ओले हात टाइल्सवर टेकलेले. तिच्या तोंडासमोरच्या टाइलवर वाफेचा गोल होता, आणि तिचं तोंड टाइलपासून वीतभर लांब होतं. चेहरा इतका उजळलेला होता की क्षणभर त्याने तिला ओळखलं नाही. पुण्याला लग्न ठरलं तेव्हा ती अशी दिसायची.

"मीनल."

ती वळली नाही. हळूच म्हणाली, "किती वर्षांनी अशी हाक मारलीत मला."

"मी नाही मारली."

"माझं नाव घेतलंत," ती म्हणाली. मग तिचे गुडघे वाकू लागले, अगदी सावकाश, देवापुढे वाकावं तसे, आणि एक तळवा फरशीवर आला.

रघुवीरने तिला धरून खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि गॅरेजमध्ये परत गेला. पाटी भिंतीशी तिरकी उभी होती. ती उचलून तो तिथेच थांबला. पोकॉकच्या कोठारामागे डोंगर होता, नुसता डोंगर. इथे डावीकडे शेजाऱ्यांचं घर होतं, त्यांना नुकतं नातवंड झालं होतं. मागे शाळा. पूर्वेला, कितीही लांब असली तरी, तनू. पालथी घालावी तर जमिनीत कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि मघाशी जे दिसलं त्यानंतर ते माहीत करून घ्यायचं नव्हतं.

त्याने पाटी छातीशी धरली. तिचं तोंड स्वतःकडे करून.

शर्टातून बाईच्या तोंडाच्या जागेची ओल लागली. आणि मग त्याने ती हाक ऐकली. ती काय होती, कुणाच्या आवाजात होती, हे त्याने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. तनूने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की ओ न देण्यासाठी त्याला दात आवळून रुमाल चावावा लागला. पाटी तशीच धरून तो गाडीत बसला, पट्टा तिच्यावरून ओढला आणि पश्चिमेकडे निघाला. रीडिंग गेलं, न्यूबरी गेलं. अंधारात कोठार सापडलं. खडूच्या दगडावर त्याने ती उलटी ठोकली, खिशातले होते नव्हते ते सगळे खिळे वापरून, आणि शेजारच्या शेतावर जाऊन सगळं सांगितलं: किल्ली घेऊन आपण इथून काय नेलं, पोकॉकशी काय खोटं बोललो. ती बाई दार धरून ऐकत राहिली. मग तिने दार लावलं.

सोमवारी हॉस्पिटललाही त्याने तेच सांगितलं. पेशंटच्या घरातून वस्तू चोरली. पेशंटने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडावर खोटं बोललो. माझ्या शब्दावर नर्सने विश्वास ठेवला. बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं. एवढंही पुरलं. बर्नाडेट कामावर परत आली. रघुवीरचं नाव डॉक्टरांच्या यादीतून निघालं, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट शिक्षा फारच सौम्य झाली असं वाटलं. बर्नाडेटने त्याला ख्रिसमसचं कार्ड पाठवलं. ते तो उघडू शकला नाही.

बाकीच्या पाट्या त्याने विकून टाकल्या. गॅरेज रिकामं झालं, तिथे गाडी आली. आता तो दिवसभर घरी असतो. चहा तोच करतो.

मीनलला काही झालेलं नाही, असं सगळे म्हणतात. ती खाते-पिते, बाजारात जाते, तनूशी फोनवर बोलते. फक्त कधीकधी हातातलं काम ठेवते आणि भिंतीजवळ जाऊन उभी राहते, मान जराशी कलती करून. भीत नाही. वाट बघते.

म्हणून रघुवीर तिला हाक मारतो. दिवसातून कितीदा तरी, काही काम नसताना. बागेतून, जिन्यावरून, शेजारच्या खोलीतून. जितक्या मायेने माणसाला मारता येते तितक्या मायेने मारायचा तो प्रयत्न करतो.

ती दरवेळी येते. दारापर्यंत येते, आशेने. मग त्याला बघते, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरतो.

"अच्छा," ती म्हणते. "तुम्ही होतात होय."